नकाशात आपला पाडा कुठे आहे?

(तालुका मेळाव्यात केलेलं भाषण)



गेल्या आठवड्यात आम्ही पाच जण जिल्ह्याला जाऊन प्रादेशिक योजनेच्या मसुद्याचा नकाशा बघून आलो. भिंतीएवढा कागद. हिरवं म्हणजे जंगल, जांभळं म्हणजे कारखाने. नदी शोधली, सापडली. डांबरी रस्ता सापडला. मग आपले पाडे शोधले. एकही नाही! ज्या दळीत आपले आजे-पणजे नाचणी-वरई पिकवत आले, तिथे नुसता हिरवा रंग फासलेला. आणि नदीकाठी, जिथे आपली गुरं पाण्यावर जातात, तिथे जांभळा. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "सातबाऱ्यावर नाही ते नकाशात कुठून येणार?"

हे नकाशे करतात कोण? नगररचनाकार. शिकलेली माणसं. त्यांचीही संघटना आहे बरं का! 'इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया' असं तिचं नाव. १९५१ साली स्थापन झाली, मुख्य कचेरी दिल्लीला. ती सभासद करून घेते, परीक्षा घेते, परिषदा भरवते. इमारतींचे आराखडे करणाऱ्या आर्किटेक्टांसाठी १९७२ चा कायदा आहे, त्यात नाव नोंदावं लागतं. नगररचनाकारांसाठी तसा कायदा नाही. आपल्या कामाची पत ते संघटनेच्या बळावर राखतात. यात वाईट काही नाही. संघटनेशिवाय कोणी विचारत नाही, हे त्यांनाही कळलं, आपल्यालाही कळलंय.

पण त्यांना आमचं एक सांगणं आहे. बाबांनो, कागद बघून रंग भरू नका. एक दिवस आमच्याबरोबर डोंगर चढा. राब कुठे भाजतो, मोहाची झाडं कुठे, मसणवटा कुठे, देव कुठे बसलाय, ते आमच्या म्हाताऱ्या दाखवतील. मग भरा रंग.

ते येतील तेव्हा येतील. आपण वाट बघत बसायचं नाही. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आहे. कुठली जमीन शेतीला, कुठली जंगलाला, कुठली कारखान्याला, हे याच कायद्याखालच्या योजनेत ठरतं. नकाशा नगररचनाकार करतात, पण मंजूर करतं सरकार. आणि मंजुरीच्या आधी लोकांच्या हरकती-सूचना घ्याव्याच लागतात. त्यासाठी निदान चार महिन्यांची मुदत द्यावी लागते. हरकत कोणीही घेऊ शकतो. ज्याला झळ लागणार त्याचं म्हणणं समितीने ऐकून घ्यायचं असतं. शिवाय १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे अनुसूचित क्षेत्रात प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करावी लागते.

चार महिन्यांतला एक महिना तर आपल्याला कळेपर्यंतच गेला. गॅझेटात छापलं म्हणे. आपल्या पाड्यावर गॅझेट कोण वाचतो? दवंडी कोणी दिली नाही. आता तीन महिने उरले. तेवढ्यात हे करायचं:

एक, प्रत्येक पाड्याने आपला नकाशा स्वतः काढायचा. आधी अंगणात राखेने काढा, मग पोरांकडून कागदावर उतरवून घ्या. घरं, दळी, पाणवठे, वाटा, सगळं.

दोन, दंडाच्या पावत्या, एकसालीचे कागद, जुन्या नोटिसा, जे असेल ते पेटीतून काढा. दंड भरला म्हणजे आपण तिथे कसत होतो, याचा तो सरकारी पुरावाच!

तीन, ग्रामसभेत ठराव करा, अंगठे-सह्या घ्या आणि हरकत लेखी द्या. तोंडी सांगून येऊ नका. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.

आज आपण गप्प बसलो तर उद्या कारखान्याची मोजणी होईल तेव्हा म्हणतील, इथे वस्ती होतीच कुठे? तेव्हा येत्या बाजाराच्या दिवशी दर पाड्यातून एक बाई, एक बापा आपला नकाशा घेऊन संघटनेच्या खोलीवर या. सगळे नकाशे जोडू, आणि मग जिल्ह्याच्या त्या भिंतीवरच्या कागदाशेजारी आपला कागद लावायला जाऊ.

जिंदाबाद!