खगोलशास्त्र आणि श्रावकाची दिनचर्या
(सुवर्ण महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



खगोलशास्त्र म्हटले की प्रचंड दुर्बिणी आणि अवकाशयाने डोळ्यांसमोर येतात. आपल्यासारख्या व्यापारी माणसांचा या शास्त्राशी काय संबंध, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु सकाळी नवकारशीचे पच्चक्खाण घेणारा आणि सायंकाळी चोविहार करणारा प्रत्येक श्रावक नकळत रोज याच शास्त्राचा आधार घेत असतो.

नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर दोन घटिका, अर्थात ४८ मिनिटे. पोरिसी म्हणजे दिवसाचा पहिला प्रहर. हा शब्दच पुरुषाच्या सावलीवरून आला आहे, कारण सावली हेच पूर्वजांचे घड्याळ होते. दिवस लहानमोठा होत असल्याने आपल्या भागात पोरिसी जूनअखेरीस सुमारे ३ तास १८ मिनिटांची, तर डिसेंबरअखेरीस सुमारे पावणेतीन तासांची असते. पुरिमड्ढ मध्यान्हापर्यंत असते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे आणि कल्याण त्याच्या पश्चिमेस नऊ अंशांहून अधिक दूर आहे. प्रत्येक अंशामागे ४ मिनिटांचा फरक पडतो. म्हणून आपल्याकडे मध्यान्ह घड्याळात बारा वाजता होत नाही. वर्षभरात तो साधारण १२.२१ ते १२.५२ या दरम्यान होतो.

या शास्त्राची परंपरा आपल्या आगमांतही आहे. ‘सूर्यप्रज्ञप्ती’मध्ये पाच वर्षांचे एक युग मानले असून त्यात १,८३० दिवस आणि ६२ चांद्रमास सांगितले आहेत. भागाकार केल्यास एक चांद्रमास सुमारे २९.५२ दिवसांचा येतो. आधुनिक मान आहे २९.५३. दुर्बिणीविना साधलेली ही अचूकता थक्क करणारी आहे. तथापि हा सूक्ष्म फरकही साचत जाऊन साधारण साडेपाच वर्षांत एका दिवसाचा होतो. आपण व्यापारी रोजमेळ गल्ल्याशी ताडून पाहतो, त्याचप्रमाणे गणितही आकाशाशी ताडून पाहावे लागते. जैन आचार्य महेंद्रसूरी यांनी १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाच्या काळात ‘यंत्रराज’ हा ग्रंथ रचला, तो वेध घेण्याच्या यंत्रावरच. हे यंत्र मुस्लिम देशांतून आले होते. ज्ञान स्वीकारताना त्यांनी परकेपणा मानला नाही.

महाराष्ट्रानेही या क्षेत्रात मोलाची भर घातली आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा बृहद् इतिहास १८९६ मध्ये मराठीत प्रसिद्ध केला. आज नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी विश्वाचा वेध घेत आहेत.

आता मुख्य मुद्दा. आपल्यापैकी अनेकांचे नातेसंबंध गुजरातशी आहेत आणि तिकडील पच्चक्खाणाचे तक्ते आपल्या घरांतही येतात. जूनअखेरीस अहमदाबादचा सूर्यास्त कल्याणच्या सूर्यास्तापेक्षा सुमारे १० मिनिटे उशिरा होतो. त्या तक्त्यावर विसंबून चोविहार करणाऱ्याचे शेवटचे घास प्रत्यक्षात सूर्यास्तानंतर पोटात जातात! त्याच दिवसांत तिकडील सूर्योदय सुमारे ५ मिनिटे आधी असल्याने येथील नवकारशीही अपुरी राहते. भाव शुद्ध असूनही केवळ माहितीअभावी नियमाला बाधा यावी, ही खेदाची गोष्ट होय.

व्यवहारातही हे ज्ञान उपयोगी आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य-चंद्राच्या एकत्रित आकर्षणाने खाडीला मोठी भरती येते. त्याच वेळी अतिवृष्टी झाली तर पाण्याचा निचरा अडतो. सखल भागात दुकान असलेल्यांनी त्या दिवसांत तरी माल वरच्या फळीवर ठेवावा.

ठाणे ते कल्याण या अंतरात सूर्योदयाचा फरक एका मिनिटाहूनही कमी आहे. म्हणून ठाणे, डोंबिवली व कल्याण यांसाठी एकच स्थानिक तक्ता पुरेसा होईल. सुवर्ण महोत्सवी वर्षात ट्रस्टने तो जाणकारांकडून तयार करवून प्रत्येक घरी पोहोचवावा, अशी माझी नम्र विनंती आहे. तसेच मे महिन्याच्या मध्यास आपल्या भागात सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. त्या दिवशी पाठशाळेतील मुलांना अंगणात नेऊन तो क्षण अवश्य दाखवावा. पोरिसी शब्दाचा अर्थ त्यांना तेथे आपोआप उमगेल.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छा मि दुक्कडं. जय जिनेंद्र!