दहा वर्षांचा शब्द



पदवीदानाच्या या समारंभात थोड्या वेळापूर्वी तुम्ही उभं राहून प्रतिज्ञा म्हटलीत. पाचशे जणांनी एका सुरात म्हटलेली गोष्ट कुणा एकाची राहत नाही, असं वाटू शकतं. मी मात्र तुमचे चेहरे बघत होतो. म्हणून आज दिलेल्या शब्दाविषयीच बोलतो.

मी इथल्या छावणीतल्या ख्रिस्ती घरात वाढलो. रात्री जेवणं झाली की वडील शास्त्र वाचत. स्तोत्रसंहितेतलं पंधरावं स्तोत्र आलं की एका जागी थांबत. देवाच्या मंडपात कुणाला जागा मिळेल ते तिथे सांगितलंय, आणि त्यात घेतलेली शपथ अंगावर आली तरी न फिरवणारा माणूस आहे. "अंगावर आली तरी," वडील पुन्हा म्हणत. पगाराच्या दिवशी घरी यायच्या आधी मोंढ्यात जाऊन दुकानदाराची उधारी चुकती करत. तेव्हा मला तो निव्वळ काटेकोरपणा वाटायचा.

त्यामागचा विश्वास उमगला तो पंडिता रमाबाईंचं चरित्र वाचताना. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे विधवांच्या शाळेसाठी त्या अमेरिकेत गेल्या. 1887च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिने दहा वर्षं खर्च उचलायचं कबूल केलं. बाईंनीही कबूल केलं की शाळेत कुठल्याही धर्माची शिकवण देणार नाही. नव्या विश्वासाने भरलेली बाई, आणि ज्याच्यावर जीव जडला त्या ख्रिस्ताविषयी वर्गात न शिकवण्याचा शब्द देते! किती जड गेलं असेल ते.

11 मार्च 1889ला मुंबईत ही शाळा, शारदा सदन, सुरू झाली, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. मुलींना आपलं सोवळंओवळं, पूजाअर्चा पाळायची मोकळीक होती. काही मिशनऱ्यांना हे रुचलं नाही. दुसरीकडे बाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. 1893मध्ये त्यावरून पुण्यात वादळ उठलं. 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं, कित्येक पालकांनी मुली घरी नेल्या.

उघड्या दाराने शब्द मोडला का? मी यावर पुष्कळ विचार केलाय. वर्गात त्यांनी शिकवलं नाही, त्या अर्थी शब्द पाळला, असं मी मानतो. पण ज्या बापाने भरवशावर विधवा लेक पाठवली होती, त्याच्या कानी तो शब्द याहून मोठा पडला होता. त्याचं दुखणं मला खोटं म्हणवत नाही. शब्द देताना समोरच्याने काय ऐकलं, हेही विचारून घ्या.

मुदत भरल्यावर, 1898मध्ये, बाई पुन्हा अमेरिकेला गेल्या. असोसिएशनची नव्याने मांडणी झाली, आणि त्यानंतर सदनावर ती जुनी अट राहिली नाही.

अखेरचा शब्द त्यांनी देवाला दिला होता, असं मी समजतो. साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणायचं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावला त्यांनीच उभारलेल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्या मुलीच खिळे जुळवत. जुलै 1921मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. बाईंनी मुद्रितं खाली ठेवली नाहीत. 5 एप्रिल 1922ला त्या गेल्या, तेव्हा काम पुरं झालं होतं.

तुमच्यातले बरेच जण बीड, जालना, परभणीच्या गावांतून आलात. घरून निघताना तुम्हीही कुणाला तरी शब्द देऊन आलात. धाकट्या बहिणीला शिकवीन, बापाचं सोसायटीचं कर्ज मी फेडीन. आज संध्याकाळी त्या माणसाला फोन करा, आणि कधीपासून ते तारीख घालून सांगा.