सुई कुणाच्या हातात



दुसऱ्यावर काम कसं सोपवावं, याविषयी आज बोलायचं आहे. मोठ्या कंपन्यांची आणि साहेबांची उदाहरणं पुष्कळ सापडतील. पण हा विषय निघाला की मला आठवतात ते आपल्याच महाराष्ट्रातले काही डॉक्टर. हाताखालच्या माणसाला किरकोळ कामं देणं सगळ्यांनाच जमतं. या डॉक्टरांनी आपल्या विद्येचा गाभाच दुसऱ्याच्या हाती दिला.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला हा अवर्षणाचा तालुका. दोघंही वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत पुढचं शिक्षण घेतलेले. गावोगावी प्रशिक्षित नर्स राहील आणि आजार अंगावर येण्याआधीच थोपवता येईल, असा त्यांचा विचार होता. तो चालला नाही. बाहेरून आलेली नर्स आडगावात एकटी राहायला तयार होईना, आणि गावही तिला आपली मानेना. मग पर्याय पुढे आला तो गावातल्याच बाईचा. निवड गावाने करायची, शिकवायचं डॉक्टरांनी.

निवडल्या गेलेल्या बायका कोण होत्या? कित्येकींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. काही दलित वस्तीतल्या, काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. गावात ज्यांना कुणी सल्ला विचारत नसे, त्यांनी आता गरोदर बाईला काय खावं ते सांगायचं होतं, बाळंतपण सुखरूप करायचं होतं, क्षय आणि कुष्ठरोग ओळखायचा होता. डॉक्टरांनी त्यांना नुसतं शिकवलं असतं, तर गावाने त्यांना दारातही उभं केलं नसतं. म्हणून आरोळे पतिपत्नी या बायकांबरोबर जमिनीवर बसले, त्यांच्या पंगतीला जेवले. दुष्काळात कूपनलिका खणायच्या आल्या तेव्हा जागा निवडली दलित वस्तीतली, म्हणजे पाण्यासाठी साऱ्या गावाला तिथेच यावं लागे. या गोष्टी वैद्यकाच्या पुस्तकात नसतात. पण त्या झाल्या नसत्या, तर आरोग्यसेविकेच्या शब्दाला वजन आलं नसतं. ज्याच्यावर काम सोपवायचं त्याची पत वाढवणं हेही सोपवणाऱ्याचंच काम आहे, आणि ते भाषणाने होत नाही. वरचा माणूस कुणाशेजारी बसतो, हे लोक बरोबर पाहत असतात.

आता गडचिरोलीकडे येऊ. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. लहान मुलं न्यूमोनियाने दगावत होती. औषध महाग नव्हतं, पण ते द्यायचं कधी, हे गावात कुणाला ठरवता येत नव्हतं. न्यूमोनियात बाळाचा श्वास जलद होतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाले, तर धोका समजायचा. त्याहून मोठ्या बाळाला ही मर्यादा पन्नासची. पण हे श्वास मोजायचे कुणी? गावातल्या सुइणीला साठपर्यंत आकडेच येत नव्हते.

इथे बहुतेकांनी हात टेकले असते. अशिक्षित बाईकडून हे व्हायचं नाही, असं म्हणून विषय संपला असता. बंग दांपत्याने सुइणीला दोष दिला नाही, साधन बदललं. मण्यांची एक पाटी केली आणि सोबत मिनिटभर चालणारं वाळूचं घड्याळ दिलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा, लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की झालं. मला या पाटीचं फार अप्रूप वाटतं. सोपवलेलं काम बिघडलं की आपण माणसाकडे बोट दाखवतो. त्याच्या हाताला पेलेल असं हत्यार आपण दिलं होतं का, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

त्यानंतरचं पाऊल जास्त धाडसाचं होतं. जन्मल्यावर पहिल्या महिनाभरात जी बाळं जातात, त्यांना घरीच वाचवायचं. त्यासाठी ३९ गावांमधून थोडंफार शिकलेल्या बायका निवडल्या. त्याच पुढे आरोग्यदूत झाल्या. वजन करणं, बाळाला ऊब देणं, अंगावर पाजायला मदत करणं, जन्मतः गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, हे त्या शिकल्या. आणि जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेन्टामायसिनचं इंजेक्शन द्यायलाही शिकल्या. दोन-अडीच किलोच्या जिवाला सुई टोचायची, तीही झोपडीत, डॉक्टर जवळ नसताना. वैद्यकातल्या अनेकांच्या कपाळाला आठ्या पडाव्यात असंच हे होतं.

पण सुई पहिल्याच दिवशी हातात दिली नव्हती, हे नीट लक्षात घ्या. १९९५ मध्ये काम सुरू झालं तेव्हा आधी बाळाचं निरीक्षण करणं, नोंदी ठेवणं आणि साधी काळजी घेणं, एवढंच त्यांच्याकडे होतं. एकेक कौशल्य पक्कं झालं की पुढचं. इंजेक्शन आलं ते दुसऱ्या वर्षी. घरच्यांची संमती घेण्याची रीत ठरलेली होती. आणि दर पंधरा दिवसांनी एक डॉक्टर प्रत्येक गावात जाऊन नोंदी तपासत असे, चुकलं तिथे दुरुस्त करत असे. आरोग्यदूत घरात एकटी जात होती, तरी तिला वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं.

या कामाचा निबंध डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत असत, तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ वर आला. ज्या बायकांना हे जमणार नाही असं गृहीत धरलं गेलं असतं, त्यांनीच ते करून दाखवलं.

आज देशभर आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावोगावच्या आरोग्यसेविका, आहेत. ही योजना २००५ साली आली, आणि २०११ पासून नवजात बाळाच्या घरभेटीही त्यांच्याकडे आल्या. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झालं असेल तर सात. जामखेड आणि गडचिरोलीतून निघालेला विचार असा सरकारी कार्यक्रमात पोचला, याचा मला अभिमान वाटतो. पण कामाची यादी खाली उतरली, त्याबरोबर बाकीचं सारं उतरलं का? आशाताईंच्या हातात रजिस्टरं आहेत, मोबाइलवरची सर्वेक्षणं आहेत. आणि पदरात पडतो तो पगार नव्हे, मोबदला, कारण कागदोपत्री त्या स्वयंसेविका आहेत. मानधनासाठी महाराष्ट्रातल्या आशांना २०२३ साली संपावर जावं लागलं. काम द्यायचं, पण मान, मोबदला आणि पाठीशी उभं राहणं आपल्याकडेच ठेवायचं, याला मी सोपवणं म्हणणार नाही. ते गळ्यात मारणं झालं.

प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी हे भाषण ऐकत असतील, तर त्यांना एक विनंती आहे. तुमच्यामागे कामाचा किती रगाडा असतो, याची मला कल्पना आहे. तरी महिन्यातून एखादा दिवस काढून आशाताईंबरोबर घरभेटीला जा. पुढे त्यांना होऊ द्या. बाळाचं वजन त्यांना करू द्या, श्वास त्यांना मोजू द्या. बाळाच्या आजीने तुम्हाला काही विचारलं, तर उत्तर देण्याआधी ‘ताई, तुमचं काय मत?’ असं आशाताईंना सगळ्यांसमोर विचारा. काही चुकलंच, तर घराबाहेर पडल्यावर सांगा. आणि त्यांचा वजनकाटा बंद पडला असेल, तर परत आल्यावर सगळ्यात आधी तो बदलून द्या.