लाल दिवा कुणावर लागतो?



तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाइलवरून कधी ना कधी लाइव्ह केलं असेल. आज दोन-तीन कॅमेरे आणि एक स्विचर घेऊन कार्यक्रम कसा दाखवतात, त्यातले नेहमीचे शब्द समजून घेऊ. हे काम मी लग्नांमध्ये शिकलो. तिथे या यंत्राला सगळे ‘मिक्सर’च म्हणतात.

सुरुवात दोन शब्दांपासून: प्रोग्रॅम आणि प्रीव्ह्यू. लोकांना आत्ता जे दिसतंय ते प्रोग्रॅम. पुढे जे दाखवायचं ठरवलंय ते प्रीव्ह्यू. स्विचरवर प्रोग्रॅमचं बटण लाल पेटतं, प्रीव्ह्यूचं हिरवं. कॅमेऱ्यावरच्या छोट्या दिव्याला टॅली म्हणतात. तो लाल झाला की कॅमेरामनने समजायचं, आता जग आपल्या डोळ्याने बघतंय, हलायचं नाही.

प्रीव्ह्यूमधलं चित्र प्रोग्रॅमवर नेण्याचे मार्ग दोन. ‘कट’ दाबलं की क्षणात बदल. ‘ऑटो’ दाबलं की ठरवलेल्या वेळात एक चित्र दुसऱ्यात विरघळतं, त्याला मिक्स म्हणतात. तेच काम हाताने करायचं तर टी-बार ओढायचा. बोलण्याच्या कार्यक्रमात कट पुरतो. आणि ‘फेड टू ब्लॅक’ म्हणजे सगळा पडदा काळा.

आता एक चूक सांगतो, माझी स्वतःची. एका सभेत एक बाजी पोटगीसाठी केलेल्या धडपडीबद्दल बोलणार होत्या. त्यांची अट एकच होती: “आवाज चालेल, चेहरा नको.” दोन नंबरचा कॅमेरा त्यांच्या पाठीमागे लावला, फक्त खांदा आणि हात दिसतील असा. तीन नंबर सूत्रसंचालकावर होता आणि तोच माझ्या प्रीव्ह्यूमध्ये होता. त्या कॅमेऱ्यावरच्या मुलाला ही अट मी सांगितलीच नव्हती. बाजींचा आवाज भरून आला तसा त्याने कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर नेला. प्रीव्ह्यूमध्ये चेहरा दिसताच मी घाबरलो. तिथे एक नंबर घ्यायचा, तर घाईत बोट ‘कट’वर पडलं.

चेहरा चार सेकंद लाइव्ह राहिला. आपल्याकडे सेकंदाला 25 फ्रेम धरतात. म्हणजे 100 फ्रेम. आम्ही नंतर रेकॉर्डिंग काढून टाकलं, पण ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलंच. बाजी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “भाऊ, मी नको म्हटलं होतं ना?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून माझे तीन नियम आहेत. जो चेहरा दाखवायचा नाही, त्याच्याकडे एकही कॅमेरा वळणार नाही, आणि हे प्रत्येक कॅमेरामनला कार्यक्रमाआधी सांगायचं. एका बटणावर कार्यक्रमाचं नाव असलेलं स्थिर चित्र कायम तयार ठेवायचं. गडबड झाली की दुरुस्ती करत बसायचं नाही, आधी थेट त्या चित्रावर जायचं.

पुढचा शब्द, की. किइंग म्हणजे एका चित्राचा काही भाग पारदर्शक करून तिथे दुसरं चित्र दिसू देणं. उजेड-अंधारावरून भाग कापला तर ल्यूमा की, रंगावरून कापला तर क्रोमा की. वक्त्याचं नाव खालच्या पट्टीत येतं, तो ‘डाउनस्ट्रीम की’. तो सगळ्यांत वर बसतो, खाली कॅमेरे बदलले तरी नाव जागेवर राहतं. ते नाव कसं लिहायचं हे त्या माणसालाच विचारा. आपली नावं चुकीची छापलेली आपण किती वेळा पाहतो! निदान आपल्या पडद्यावर तरी ती बरोबर असू देत.

क्रोमा कीसाठी पडदा हिरवा किंवा निळा असतो, कारण त्वचेत हे रंग फारसे नसतात. पडद्यावर उजेड सगळीकडे सारखा हवा. माणूस पडद्यापासून सहा-आठ फूट पुढे हवा, नाहीतर हिरवी झाक खांद्यांवर येते. तिला स्पिल म्हणतात. एकदा एक मुलगी हिरवी ओढणी घेऊन आली आणि पडद्यावर तिच्या खांद्यांमधून मागचं चित्र दिसायला लागलं. कुणीतरी म्हणालं, “ओढणी बदल.” मी म्हटलं, पडदा बदलू. आपल्याकडे हिरवा रंग किती घरांत आहे, हे आपल्यालाच माहीत नसेल तर कुणाला असणार? तेव्हा निळं कापडही सोबत ठेवा.

शेवटी रंग. पहिलं काम व्हाइट बॅलन्स. पिवळ्या बल्बचा उजेड साधारण 3200 केल्विन, दिवसाचा 5600. सगळे कॅमेरे एकाच उजेडात, एकाच पांढऱ्या कागदावर जुळवा. नाहीतर कट केला की तोच माणूस एकदा पिवळा, एकदा निळा दिसेल. मग तीन शब्द: लिफ्टने गडद भाग, गॅमाने मधला, गेनने उजळ भाग वर-खाली होतो. उजेड मोजायला वेव्हफॉर्म, रंग मोजायला व्हेक्टरस्कोप. डोळ्यांवर विसंबू नका, ते लवकर सरावतात.

रंग जुळवणं निव्वळ तांत्रिक कधीच नव्हतं. 1950च्या दशकापासून कोडॅकची ‘शर्ली कार्डं’ प्रयोगशाळांत रंग जुळवायला वापरत. कार्डावर गोऱ्या बाईचा फोटो असे. तोच नमुना धरल्यामुळे सावळे, काळे चेहरे फोटोत नीट उतरत नसत. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलं कार्ड यायला 1990चं दशक उजाडलं. गंमत अशी की व्हेक्टरस्कोपवर माणसांची त्वचा, गोरी असो की काळी, साधारण एकाच रेषेजवळ पडते. फरक मुख्यतः उजेडाचा असतो. म्हणून सावळ्या चेहऱ्याला गोरं करू नका, त्याला पुरेसा उजेड द्या.

आता टेबलाजवळ या. पहिला अर्धा तास मुली स्विचरवर बसतील. आणि कॅमेऱ्यासमोर जो बसेल, त्याला आधी विचारा: दाखवू का?