हाडात मुरणारे विष
(कामगार अभ्यासवर्गातील भाषण)



अपघात झाला की रक्त दिसते, पंचनामा होतो, नोंद होते. आज आम्ही ज्या इजेविषयी बोलणार आहोत तिचे रक्त दिसत नाही. ती होते नोकरीत आणि पुष्कळदा कळते निवृत्तीनंतर.

जपानमधील तोयामाचे उदाहरण घ्या. जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे मित्सुई कंपनीची जस्त-शिशाची खाण होती. तिच्या सांडपाण्यातील कॅडमियम नदीत, नदीतून भातखाचरांत आणि भातातून माणसांच्या पोटात गेले. वय उतरणीला लागलेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या शेतकरी बायकांची हाडे नुसत्या खोकल्यानेही मोडू लागली. त्या ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असे कण्हत. रोगाला तेच नाव पडले.

मोडत होती हाडे, पण बिघाड होता मूत्रपिंडात. कॅडमियम तेथे साठते. साठलेल्यातले निम्मे बाहेर पडायला १० ते ३० वर्षे लागतात. मूत्रपिंडातील बारीक नलिका खराब झाल्या की कॅल्शियम आणि फॉस्फेट लघवीवाटे वाहून जाते, ‘ड’ जीवनसत्त्वाचे कार्य मंदावते आणि हाडे मऊ पडतात. शिशाची तऱ्हा वेगळी. प्रौढ माणसाच्या अंगातील ९० टक्क्यांहून अधिक शिसे हाडांतच असते. उतारवयात हाडे झिजू लागली की ते पुन्हा रक्तात उतरते आणि मूत्रपिंडाला बाधते.

रेल्वे डब्यांखालच्या बॅटऱ्या शिशाच्या असतात, काही विद्युत इंजिनांतल्या निकेल-कॅडमियमच्या. बॅटरी फोडताना, जुना रंग खरवडताना, डाख देताना धूळ आणि धूर आपणच घेतो. टपालातील साथींनीही ‘आमचा काय संबंध’ म्हणू नये. तोयामातल्या त्या बायका खाणीत कामाला नव्हत्या. त्यांनी फक्त भात खाल्ला होता. शिवाय विडी-सिगारेटच्या धुरातूनही कॅडमियम अंगात जाते.

गावचे डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी १९६१ मध्ये कॅडमियमकडे बोट दाखवले. सरकारने १९६८ मध्ये ते मान्य केले. १९७२ मध्ये गावकरी अपिलातही जिंकले. भरपाईवर ते थांबले नाहीत. खाणीत जाऊन तपासणी करण्याचा हक्क त्यांनी मिळवला आणि शेतांची माती सुधारून घेतली. ते काम २०१२ मध्ये पुरे झाले.

आपणही तेवढ्याच चिकाटीने मागू या. अशा कामावरील प्रत्येकाची रक्तातील शिशाची आणि लघवीतील कॅडमियमची नियमित तपासणी व्हावी. लघवीच्या साध्या तपासणीत नलिकांचा सुरुवातीचा बिघाड निसटू शकतो. अहवालाची प्रत कामगाराच्या हाती मिळावी. बदली झाली तर नोंद सोबत जावी आणि निवृत्तीनंतरही तपासणी चालू राहावी. हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका, कामाचे कपडे घरी नेऊ नका.

दुखू लागेपर्यंत थांबलो, तर फार उशीर झालेला असेल.