मोहाखालची काडी
(गडचिरोली जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या विषयपत्रिकेत तेंदूचा लिलाव पहिला आणि वणवा सगळ्यात शेवटी छापला होता. मी अध्यक्षांना सांगून क्रम उलटा करून घेतला. पान तोडायचे मे महिन्यात, आणि त्याआधीच जंगल होरपळले तर लिलाव कशाचा करणार? राखेचा?

वणवा कशाने लागतो असे विचारले की आपल्याकडे एक ठरलेले उत्तर मिळते : बांबूवर बांबू घासतो आणि ठिणगी पडते. असेल बुवा. पण या बांबूला होळीच्या आसपासच आणि नेमके मोहाच्या झाडाजवळच घासायची लहर कशी येते, हे कोणी सांगत नाही. आपल्या देशातले जवळपास सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात. ते कोणाच्या हातून आणि कशापायी लागतात, हे या मंडपात प्रत्येकाला ठाऊक आहे.

पहिले कारण मोह. पहाटेपासून फूल टपटपते. खाली सागाचा, पळसाचा पाला पडलेला, त्यात फूल दिसत नाही. घरची बाई चार वाजता उठते, तिला दहापर्यंत टोपली भरून घरी जाऊन चूल पेटवायची असते. ती पाल्याला काडी लावते. ती काही गुन्हेगार नाही. तिने वेळेचा हिशेब केला आणि तो तिच्यापुरता बरोबर आहे. दुसरे कारण तेंदू. जाळल्यावर खुंटाला नवी फूट येते, म्हणून जाळतात. तिसरे कारण आपण शेतकरीच. एप्रिल-मे मध्ये शेत साफ करताना धुऱ्यावरचे गवत पेटवायचे आणि जेवायला घरी जायचे. दुपारचा वारा ती आग उचलून जंगलात नेतो. आणि चौथी आहे विडी. तिच्याबद्दल काय बोलायचे! पान आपल्याच जंगलातले असते.

शेतकीचा पदवीधर म्हणून एक गोष्ट सांगतो. राखेत पालाश असते, थोडे स्फुरदही असते. म्हणून जळालेल्या जागी पहिल्या पावसानंतर गवत हिरवेगार दिसते आणि माणूस फसतो. पाल्यातला नत्र आणि गंधक मात्र धुरावाटे उडून जातात. उरलेली राख उतारावरून पहिल्याच मोठ्या सरीबरोबर नाल्यात जाते. पाल्याचे पांघरूण गेले की मातीवर थेंब थेट आदळतो, पाणी मुरत नाही, आणि जंगलाच्या पायथ्याशी ज्यांची बांधी आहे त्यांच्या धानात गाळ येतो. दुकानातून युरियाची गोणी आणताना आपण भावासाठी भांडतो, आणि जंगलातला नत्र फुकट फुंकून टाकतो.

मोहाचे बघा. जुनी झाडे दरवर्षी फूल देतात, पण त्यांच्या खाली मोहाचे रोप किती दिसते? दर उन्हाळ्यात खालून आग गेली तर रोप गुडघ्याएवढेही होत नाही. आजची झाडे आजोबांच्या वेळची आहेत. ती पडली की नातवंडांनी काय वेचायचे?

मग उपाय काय? मोहाखाली झाडून घ्या. झाडाच्या घेराएवढी जागा आदल्या दिवशी स्वच्छ करा आणि तो पाला खताच्या खड्ड्यात न्या. जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली तर फूल मातीला लागत नाही, आणि स्वच्छ फुलाला व्यापाऱ्याकडे भाव मागता येतो. कष्ट वाढतात हे खरे. ते सगळे बाईवर टाकू नका. दादा लोकांनीही हातात खराटा धरावा. तेंदूसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपे जमिनीलगत छाटली की साधारण दीड महिन्यात चांगले पान येते. काडीची गरज नाही. उलट एप्रिलमध्ये आग शिरली तर आलेले कोवळे पान करपते, आणि करपलेल्या पानाचा पुडा फळीवर कोणी घेत नाही.

आता कायद्याचे. 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या कलम 26 प्रमाणे राखीव जंगलात आग लावणे गुन्हा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच कलमात पुढे काय आहे ते फारसे कोणी वाचत नाही. मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली तर त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार काही काळ थांबवू शकते. म्हणजे एकाची काडी आणि साऱ्या गावाचे पोट. दुसऱ्या बाजूला 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. मेंढा-लेखाला 2009 मध्ये असा हक्क मिळाला, नंतर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांना मिळाला. पूर्वी जंगल जळाले तर आपण म्हणायचो, खात्याचे जळाले. आता तसे म्हणायची सोय राहिली नाही.

वनखाते 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम धरते. डेहराडूनची वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीची खबर मोबाईलवर पाठवते. ती जरूर घ्या. पण उपग्रह डोक्यावर बसून राहत नाही, दिवसातून ठरावीक वेळा जातो. दोन फेऱ्यांच्या मध्ये लागून विझलेली आग त्याला दिसेलच असे नाही. गुराख्याचे डोळे त्याच्यापेक्षा पक्के. म्हणून जाळरेषा हंगामाआधी साफ करा आणि रोज दुपारी दोघांची पाळी लावा.

विझवायला जाल तेव्हा जिवाची काळजी घ्या. 2018 च्या मार्चमध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वीसहून अधिक पदभ्रमण करणारे वणव्यात सापडून मेले. 2020 च्या फेब्रुवारीत केरळात त्रिशूर जिल्ह्यात आग विझवताना वनखात्याचे तिघे गेले. 2024 च्या जूनमध्ये उत्तराखंडात बिनसरला चार जण जागीच गेले. आग चढावर माणसापेक्षा जोरात पळते, म्हणून आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभे राहू नका. बाजूने, जळून गेलेल्या भागाकडून हिरव्या डहाळ्या घेऊन झोडपत चला. तो जळालेला काळा पट्टाच तुमची पळायची वाट. टेरिकॉटचा सदरा आगीत कातडीला चिकटतो, सुती घाला. एकट्याने जायचे नाही, दारू पिऊन तर मुळीच नाही. भर दुपारी वाऱ्याच्या तोंडी जाण्यापेक्षा पुढची जाळरेषा रुंद करा आणि संध्याकाळी गार हवेत आग गाठा.

कलम 79 म्हणते, जंगलात हक्क असलेल्याने आगीची खबर द्यावी आणि विझवायला मदत करावी. देऊ. पण अनवाणी पोरगा विझवायला गेला आणि पाय भाजून आला तर औषधाचा खर्च कोणाच्या नावावर? बूट, पाण्याचे डबे, मजुरी आणि विमा याबद्दल कायदा आपल्याला बोलावताना गप्प आहे. हंगामी अग्निरक्षकाला जे मिळते ते विझवायला येणाऱ्या गावकऱ्यालाही मिळाले पाहिजे, ही मागणी आज ठरावात घालायची आहे.

ठरावाचा कागद फिरतो आहे. प्रत्येक गावाने त्यावर दोन गोष्टी लिहाव्यात : जाळरेषा कोणत्या दिवशी साफ करणार, आणि मोहाखाली काडी लावायची नाही हे ठरवणारी बायकांची सभा कधी घेणार. ज्यांना तारीख सुचत नाही त्यांनी जेवणाआधी मला भेटावे. तेंदूचा विषय त्यानंतर घेऊ.