कच्चा ड्रायव्हर, पक्का हिशेब

(परभणी येथे महाविद्यालयीन मुलामुलींसमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मित्र-मैत्रिणींनो, निकाल लागले, प्रवेश झाले की आपल्या मोहल्ल्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "भाई, लॅपटॉप कौनसा लेना?" आणि त्याला जोडूनच दुसरे वाक्य येते. दुकानदार एक दाखवतोय, ४०-४५ हजारांचा. स्क्रीन पूर्ण मागे वळते, टॅब्लेटसारखा हातात धरता येतो, बोटाने चालतो, नवा ग्राफिक्स आहे. घेऊ का?

मी आज हो किंवा नाही असे उत्तर देणार नाही. असे यंत्र तपासायचे कसे, तेवढे सांगणार आहे. कारण ४५ हजार ही रक्कम आपल्या जिल्ह्यात लहान नाही. कुणाच्या घरी ते कापसाचे पैसे असतात, कुणाच्या घरी अब्बांच्या दुकानातली बचत, कुणाच्या घरी अम्मीची भिशी. चुकीचे यंत्र घरात आले तर दुसरे घ्यायची संधी चार-पाच वर्षे येत नाही. तेवढ्यात आपले शिक्षण संपलेले असते.

आधी हे यंत्र म्हणजे काय ते समजून घेऊ. वळणाऱ्या लॅपटॉपला कन्व्हर्टिबल किंवा टू-इन-वन म्हणतात. साध्या लॅपटॉपपेक्षा यात तीन गोष्टी जास्त असतात: गोल फिरणारी बिजागरी, टचस्क्रीन आणि यंत्र कसे धरले आहे ते ओळखणारा सेन्सर. या तिन्हींना पैसे लागतात. किंमत तर ४५ हजारांतच बसवायची असते. मग कंपनी कात्री कुठे लावते? बहुतेक वेळा रॅममध्ये, स्क्रीनच्या रंगांत आणि बॅटरीत. दोन यंत्रांची किंमत सारखी असेल तर वळणाऱ्याच्या पोटात काय कमी आहे, हा पहिला प्रश्न विचारा.

आता ग्राफिक्स. महागड्या गेमिंग लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची वेगळी चिप असते, तिला स्वतःची मेमरी असते. स्वस्त यंत्रात ग्राफिक्स प्रोसेसरच्याच पोटात असतो. त्याला स्वतःची मेमरी नसते, तो घरातल्याच रॅममधून उचलतो. म्हणजे एका नळावर दोन घरे. म्हणून डब्यावर ८ जीबी लिहिलेले असले तरी काही यंत्रांत वापरायला सहा-सात जीबीच उरते.

नळ एक आहे की दोन, यानेही फरक पडतो. इंटेलचा आयरिस एक्सई हा ग्राफिक्स घ्या. २०२० च्या अकराव्या पिढीपासून तो आला. पण यंत्रात रॅम एकाच मार्गाने जोडलेली असेल तर तोच ग्राफिक्स विंडोजमध्ये आयरिस एक्सई या नावाने दिसत नाही, साधा यूएचडी ग्राफिक्स म्हणून दिसतो. चिप तीच, प्रोसेसरचे नाव तेच, पण नाव बदलते आणि वेगही कमी होतो. दुकानातल्या पाटीवर हे लिहिलेले नसते. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा, ग्राफिक्सचे नाव स्वतः वाचा. तिथेच ड्रायव्हरची तारीखही दिसते.

ड्रायव्हर म्हणजे काय? आजीला तहसील कचेरीत नेतो तेव्हा आपण काय करतो? आजी दखनीत बोलते, साहेब कागदी मराठीत बोलतात, मधे आपण उभे असतो. ड्रायव्हर तसाच दुभाषी आहे. एका बाजूला विंडोज, दुसऱ्या बाजूला चिप. चिप कितीही हुशार असो, दुभाषी कच्चा असेल तर काम अडते. झोपवलेला लॅपटॉप उघडल्यावर काळाच राहतो. स्क्रीन वळवली की आडवीची उभी होते आणि परत येत नाही. प्रोजेक्टर जोडला तर दिसत नाही. ऑनलाइन तासाला चित्र थिजते, आवाज चालू राहतो. माणूस म्हणतो, लॅपटॉप खराब निघाला. खरे तर लॅपटॉप धडधाकट असतो, दुभाषी शिकाऊ असतो.

हे नेमके एका वळणाऱ्या लॅपटॉपच्या बाबतीत घडले, ते सांगतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये एएमडीने लॅपटॉपसाठी रायझन मोबाइल प्रोसेसर जाहीर केले. त्यातला रायझन ५ २५००यू ज्या पहिल्या यंत्रांतून बाजारात आला, त्यात एचपीचा एन्व्ही एक्स३६० होता. चिप दमदार होती. चार कोअर, आणि पोटात व्हेगा ८ ग्राफिक्स, त्या वेळच्या इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सपेक्षा बराच वेगवान. कागदावर याहून चांगला सौदा नव्हता.

पण एएमडी आपल्या सुट्या ग्राफिक्स कार्डांसाठी जे नवे ड्रायव्हर काढायची, ते या लॅपटॉपवाल्यांसाठी नसायचे. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने तपासून दिलेलाच ड्रायव्हर वापरायचा, अशी पद्धत होती, आणि त्या कंपन्यांकडून नवा ड्रायव्हर यायला महिनोन्महिने लागायचे. चिप बनवणारा सांगायचा, लॅपटॉपवाल्याला विचारा. लॅपटॉपवाला गप्प. एएमडीने या प्रोसेसरांसाठी थेट ड्रायव्हर दिला तो फेब्रुवारी २०१९ मध्ये. म्हणजे सुमारे सोळा महिने. पुढे २०२१ मध्ये विंडोज ११ आले, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीत २५००यू नव्हता. आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

याची दुसरी बाजूही आहे. २०२२ मध्ये इंटेलने आर्क ही सुटी ग्राफिक्स कार्डे आणली. सुरुवातीला जुन्या डायरेक्टएक्स ९ वरचे गेम त्यावर अडखळायचे. २०२३ च्या सुरुवातीच्या ड्रायव्हरने त्यात मोठी सुधारणा केली. म्हणजे दुभाषी शिकतो, हेही खरे. पण कधी शिकेल याची तारीख कुणी लिहून देत नाही. सोळा महिने म्हणजे पदवीची जवळजवळ तीन सत्रे होतात. म्हणून माझा नियम साधा आहे. जे आज चालते त्याचे पैसे द्या. जे "पुढच्या अपडेटमध्ये येईल" त्याचा भाव शून्य धरा. आले तर बरकत समजा.

यंत्रात दोष दिसला की त्याची वाटणी करायला शिका. पहिला प्रकार, इलाज आपल्या हातात आहे. चमक कमी, आवाज बारीक, नको ते प्रोग्राम भरलेले. यासाठी यंत्र नाकारू नका. दुसरा प्रकार, इलाज कंपनीच्या हातात आहे. स्क्रीनचे लुकलुकणे, झोपेतून न उठणे. इथे कंपनीचा इतिहास बघा. तिच्या संकेतस्थळावर नेमका मॉडेल क्रमांक टाका, ग्राफिक्सचे ड्रायव्हर किती वेळा आले आणि शेवटचा कधी आला ते पाहा. वर्षभर काही आले नसेल आणि दोष कायम असेल, तर तो दोष आपल्याबरोबर राहणार असे समजा. तिसरा प्रकार, इलाज कुणाच्याच हातात नाही. रॅम बोर्डावरच चिकटवलेली आहे आणि वाढवायला खाच नाही. स्क्रीन फिकी आहे. बिजागरी सैल आहे. हे अपडेटने सुटत नाही.

यूट्यूबवरचे परीक्षण बघतानाही हीच वाटणी करा. परीक्षण कोणत्या महिन्यातले आहे आणि यंत्र विकत घेतलेले होते की कंपनीने पाठवलेले, हे दोन प्रश्न विचारा. साक्षीदाराचा हितसंबंध तपासायची सवय आपल्याला इतर बाबतीत असते, इथेही असू द्या.

दुकानात अर्धा तास मागा. लाजू नका, पैसे आपले आहेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह आहे का बघा. झाकण पाच वेळा बंद करून उघडा. स्क्रीन पूर्ण वळवा, परत आणा, कीबोर्ड लगेच चालतो का पाहा. दुकानातल्या टीव्हीला एचडीएमआयने जोडा. व्हिडिओ चालू ठेवून व्हिडिओ कॉल लावा. पेन वेगळे घ्यावे लागते का, कोणते चालते, ते विचारा. मराठी आणि उर्दू दोन्ही टाइप करून बघा.

आता आपल्या परभणीपुरत्या दोन गोष्टी. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी खोलीचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे असे लिहिलेले असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि पोटातला ग्राफिक्स त्याच्याबरोबरच मंदावतो. पातळ वळणाऱ्या यंत्रात हवा खेळायला जागा कमी असते. त्यामुळे पुण्या-मुंबईत एसीत केलेली चाचणी जिंतूर किंवा सेलूच्या दुपारी तशीच उतरेल असे नाही.

दुसरी गोष्ट सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवरचे विंडोज लॅपटॉप २०२४ पासून जोरात आले आहेत. बॅटरी चांगली चालते. पण त्यांची जात एआरएम आहे. जुने प्रोग्राम त्यावर भाषांतर करून चालवता येतात, ड्रायव्हर मात्र चालत नाहीत. ते एआरएमसाठीच लिहिलेले लागतात. अंगठा घेणारे यंत्र, जुना प्रिंटर, स्कॅनर यांचा तसा ड्रायव्हर नसेल तर दुकान बंद. आपली उपकरणे घेऊन जा, जोडून बघा, मगच पैसे मोजा.

हप्त्यांबद्दल. "नो कॉस्ट ईएमआय"मध्ये बँक व्याज लावतेच. दुकान किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपण भरतो, कधी प्रक्रिया शुल्कही. ज्यांना व्याजाचा व्यवहार नकोच आहे त्यांनी हे कागदावर वाचून ठरवावे, पाटीवर जाऊ नये. रोखीचा भाव आधी विचारा. वॉरंटीत माणूस घरी येतो की यंत्र नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला न्यावे लागते, तेही विचारा. आणि पक्के बिल घ्या.

बिल का, तेही ऐका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय बेंगळुरूत असले तरी तक्रार परभणीत चालते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. दोष दिसला की तारीख लिहा, मोबाइलवर व्हिडिओ घ्या, कंपनीला लेखी कळवा. "साहेब, बंद पडतोय" एवढ्यावर कुणी ऐकत नाही.

मग घ्यायचे कुणी? कृषी विद्यापीठात शिकणारी मुलगी वनस्पतींच्या आकृत्या काढते, कुणी रेखांकन शिकते, कुणी पीडीएफवर हाताने टिपणे लिहिते, उर्दू सुलेखन करते. त्यांना वळणारे यंत्र खरोखर उपयोगी आहे. बाकी ज्यांना टायपिंग, टॅली, कोडिंग किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा आहे, त्यांनी त्याच पैशात साधा लॅपटॉप घ्यावा. १६ जीबी रॅम, दोन मार्गांनी जोडलेली. ग्राफिक्स एक पिढी जुना चालेल. इंटेलने २०२५ मध्ये अकराव्या ते चौदाव्या पिढीच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर जुन्या गटात टाकले. त्यांना नव्या गेमसाठीचे बदल मिळणार नाहीत, सुरक्षेचे मिळत राहतील. गेम खेळणाऱ्याला हे खटकेल. अभ्यास करणाऱ्याला दुभाषी अनुभवी मिळतो.

शेवटी एक गोष्ट, जी दुकानदार सांगणार नाही. वळणारे यंत्र विकताना म्हणतात, घरातल्या सगळ्यांना उपयोगी. अब्बा बातम्या बघतील, भाई गेम खेळेल, छोटे कार्टून बघतील. आणि ज्या बहिणीच्या प्रवेशाच्या नावाने पैसे काढले, तिची पाळी रात्री अकराला येते, तेव्हा बॅटरी संपलेली असते. यंत्र निवडताना आधी ठरवा की या घरात कुणाचे वर्ष पणाला लागले आहे. दुकानात तिला घेऊन जा. अर्धा तास तिच्या हातात द्या. तिने पाच वेळा झाकण उघडून बघावे, तिने प्रश्न विचारावेत, बिलही तिच्या नावाने करा. बाकीच्यांनी तिचे काम संपल्यावर वापरावे.

प्रश्न असतील तर विचारा. कुणी लॅपटॉप आणला असेल तर टास्क मॅनेजर उघडा, आपण इथेच बघू.